व्याह्यांना हवा असलेला रस्ता

आमच्या व्याह्यांइतकी भन्नाट गाडी हाकणारा माणूस मुलुंडच काय, अख्ख्या मुंबईत सापडायचा नाही. आणि त्यांच्याइतका गाडीला भिणाराही सापडायचा नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दलची आहेत आणि दोन्ही शंभर टक्के खरी आहेत. रिक्षात बसले की ते दोन्ही हातांनी पुढची दांडी घट्ट धरतात आणि मीटर पडायच्या आधीच सुरू करतात, "दादा, हळू हं. आपल्याला घाई नाही." समोरून टेम्पो आला की डोळे मिटतात. आणि हाच माणूस घरी येऊन हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसला, हातात ते खेळायचं यंत्र घेतलं, की ताशी तीनशेच्या वेगाने कुठल्या तरी परमुलखातल्या समुद्रकाठाने लाल इटालियन गाडी अशी काही पळवतो की बघणाऱ्याच्या हातातला चहा हिंदकळतो.

या माणसाशी माझी पहिली भेट झाली ती माझ्या लेकीच्या लग्नाच्या बैठकीत. आम्ही बोरिवलीहून मुलुंडला त्यांच्याकडे गेलो होतो. हॉल कुठला, माणसं किती, मानपान काय, सगळी तयारी आमच्या ह्यांनी मनातल्या मनात करून ठेवलेली. पोहे झाले, चहा झाला, आणि व्याहीबुवा पुढे सरकून एकदम गंभीरपणे म्हणाले, "तुमच्याकडे टीव्ही केवढा आहे?"

आमच्या ह्यांचा चेहरा पडला. आता हे लोक टीव्ही मागणार, असं त्यांच्या कपाळावर स्पष्ट लिहिलेलं मला दिसलं. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या विहिणीने, स्वयंपाकघरातूनच आवाज दिला, "अहो, त्यांना घाबरवू नका! तसं काही नाही हो. ह्यांना गाड्यांचा खेळ खेळायला पडदा मोठा लागतो. कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्ही मोजतात." मग व्याह्यांनी अर्धा तास आम्हाला तो खेळ समजावून सांगितला. लग्नाची तारीख शेवटी चपला घालताना ठरली.

तो खेळ असा. त्याला ठरावीक ट्रॅक नसतो. एक अख्खा मुलूख तुमच्या ताब्यात दिलेला असतो: डोंगर, शेतं, गावं, समुद्र. शर्यत लावा नाही तर नुसते भटका, गाडी कुठेही घाला. काही वर्षांनी नवा भाग निघतो आणि दर भागात मुलूख नवा. त्यामुळे पुढचा भाग कुठल्या देशात असावा आणि त्यात कुठल्या कंपन्यांच्या गाड्या असाव्यात, यावर जगभरचे शौकीन लोक इंटरनेटवर हिरिरीने भांडत असतात. मुळात हा खेळ घरात आणला आमच्या जावयाने, पहिल्या नोकरीच्या पगारातून. त्याचं वेड वर्षभरात ओसरलं. मग, त्याच्या लग्नाच्या वर्षभर आधी, औषधांच्या कारखान्याच्या स्टोअरमधून नुकतेच रिटायर झालेले त्याचे वडील एके दुपारी त्या यंत्रावरची धूळ पुसायला गेले. पुसता पुसता कुठलं तरी बटण दाबलं गेलं. लग्नानंतर लेक-जावई ऐरोलीला राहायला गेले, यंत्र मात्र मुलुंडलाच राहिलं, आणि एक आठवडा सोडला तर आजतागायत ते काही थंड झालेलं नाही.

खेळायला बसायची त्यांची एक रीत आहे. आंघोळ झालेली हवी, बाह्या दुमडलेल्या हव्यात, चष्मा पुसलेला हवा. खंडेनवमीला त्या यंत्राला हळद-कुंकू लागतं आणि झेंडूचा छोटा हार पडतो. गाडी कितीही सुसाट असली तरी समोर मेंढ्या आल्या की ते बाजूला घेतात, मग शर्यत हरली तरी बेहत्तर. एकदा माझ्यादेखत वळण चुकलं आणि गाडी कुणाच्या तरी द्राक्षांच्या मळ्यातून आरपार गेली. "अरे अरे अरे, गेला बिचाऱ्याचा मळा!" असं म्हणत त्यांनी शर्यत सोडली, गाडी वळवली आणि किती वेली मोडल्या ते पाहायला परत आले. मी म्हटलं, "अहो, खोटा मळा तो." तर म्हणाले, "मळा खोटा असेल हो, पण धडक मीच मारली ना?"

माझ्या विहिणीला या सगळ्याचं फार कौतुक आहे, फक्त ते ती कौतुकाच्या भाषेत कधी बोलत नाही. "त्या टीव्हीत पेट्रोल भरावं लागत नाही म्हणून चाललंय," एवढंच म्हणते आणि शर्यत संपेपर्यंत मिक्सर लावायचा थांबते.

आता मागण्यांचं सांगते. इंटरनेटवर जो तो आपापला हट्ट मांडत असतो. कुणाला जपान हवा, कुणाला आल्प्स, कुणाला आफ्रिकेतलं वाळवंट. कुणी एका जर्मन कंपनीसाठी अडून बसलेला, कुणी दुसऱ्या. आमचे व्याही या गोंधळात शिरले ते सरळ "रिस्पेक्टेड सर" असा मायना घालून. शाळेत अर्ज लिहायला शिकवतात तशा इंग्रजीत त्यांनी सविनय निवेदन केलं की पुढचा भाग आमच्या कोकणात करावा. आणि गाड्या? पांढरी अँबॅसॅडर, मागच्या काचेला पडदा असलेली. ओम्नी, सरकत्या दाराची. आणि सगळ्यात आधी काळी-पिवळी पद्मिनी. नुसती गाडी देऊन भागणार नाही, असंही त्यांनी बजावलं होतं. पद्मिनीचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागता कामा नये. घाट चढताना ती तापली पाहिजे, मग खेळणाऱ्याने उतरून बॉनेट उघडून पाणी घातलं पाहिजे. "त्यामुळे शर्यतीत सगळ्यांना समान संधी राहील," हे त्यावरचं त्यांचं स्पष्टीकरण. लाल इटालियन गाड्यांवर त्यांचा राग नव्हता. पण एकदा मला खासगीत म्हणाले, "विहीणबाई, गाडी झकास आहे, पण मला सांगा, त्यात डबा ठेवायला जागा कुठाय?"

त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे सगळा प्रवास सर्वेक्षणात जायचा. लिंक रोडने आमच्याकडे बोरिवलीला येताना टेकडीकडे बोट दाखवून "इथे एक लांब उडी हवी." घोडबंदरला "हे वळण उत्तम, पण ट्रक कमी करावे लागतील." एकदा आम्ही वर्सोव्याला मासे आणायला गेलो होतो. मढला जाणारी बोट बघून त्यांना इतकं भरून आलं की सुरमईचा भाव करायचा राहून गेला. "शर्यत इथपर्यंत आणायची," ते म्हणाले. "घाई असेल त्याने मालाडवरून वळसा मारावा. शहाणा असेल तो गाडी बोटीत चढवेल आणि वारा खात बसेल." मी म्हटलं, "अहो, या बोटीत फक्त स्कूटर चढते." "खऱ्या बोटीत! खेळातल्या बोटीला काय धाड भरली आहे?"

पण कोकणातला कुठलाही रस्ता चालेल असं नव्हतं. त्यांना हवा होता एकच: देवगडकडच्या त्यांच्या गावाचा. मोठ्या रस्त्यावर एक तिठा आहे, तिथून सडा ओलांडून रस्ता पलीकडे खाली गावात उतरतो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं सपाट माळरान. त्यावर त्यांनी इंग्रजीत इतकं लिहिलं, की फिनलंडमधला कुणी एक शौकीन त्या सड्याच्या प्रेमातच पडला. त्याने उन्हाळ्यात तो काळा कसा होतो ते विचारलं, पावसाळ्यात त्यावर फुलं कशी येतात ते विचारलं, आणि जपानवाल्यांशी व्याह्यांच्या बाजूने भांडायलाही लागला. व्याही भलतेच खूश होते. आणि मग एक दिवस त्या फिनलंडवाल्याने अगदी साधा प्रश्न विचारला. तुम्ही जेव्हा त्या रस्त्याने गाडी चालवता, तेव्हा कातळावर टायर नीट पकड घेतात का?

आठवडाभर व्याह्यांनी यंत्राला हात लावला नाही. विहिणीचा मला फोन आला, "काय झालंय कळत नाही गं. मिक्सर लावला तरी काही बोलत नाहीत." दुसऱ्या दिवशी खुद्द त्यांचाच फोन.

"विहीणबाई, एक विचारायचं होतं. थोडं खोटं लिहिलं तर चालतं का?"

"कुणाला?"

"फिनलंडला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवलेली नव्हती. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डावा पाय बारीक राहिला, ते पायाला आधार लावून चालतात. नोकरी लागल्यावर हौसेने एका मोटार स्कूलमध्ये गेले होते. तिथल्या माणसाने पायाकडे बघितलं आणि हसत म्हणाला, "तू मागे बसत जा रे, मजेत." त्यानंतर त्यांनी परत कुणाला विचारलं नाही.

मी पंचेचाळिशीत गाडी शिकलेली बाई. माझ्या गाडीला क्लच नाही. मी म्हटलं, "माझ्या गाडीत डाव्या पायाला काही कामच नसतं."

"ठाऊक आहे हो. सगळ्या गाड्यांचं सगळं ठाऊक आहे मला."

"मग अडलं कुठे?"

ते हळूच म्हणाले, "आता या वयात कुणी हसलं तर?"

"हसणाऱ्याला मी बघून घेईन," मी म्हटलं. पण गाडी त्यांनी लगेच हातात घेतली नाही. आधी डॉक्टरांचं सर्टिफिकेट, मग लर्निंग लायसन्स, त्याच्या फोटोसाठी लग्नातला कोट. गाडीला लाल 'एल' पुढे आणि मागे तर लावलाच, दोन्ही बाजूंनाही लावला. मुलाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, आता कशाला?" त्यावर विहीण त्याच्या अंगावर धावून गेली, "तुला सायकल घेतली तेव्हा विचारलं होतं का रे कुणी, कशाला म्हणून?"

दर रविवारी सकाळी मी बोरिवलीहून मुलुंडला जायची आणि मिठागरांच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर आमची शिकवणी चालायची. टीव्हीवर तीनशेने उडणारा माणूस खऱ्या रस्त्यावर वीसच्या पुढे जाईना. फिरायला आलेले आजी-आजोबा आम्हाला मागे टाकून जायचे. पहिल्या दिवशी त्यांचे अंगठे सारखे काही तरी दाबायला बघत होते, त्यामुळे हॉर्न वाजत राहिला आणि मिठागरातले बगळे उडून गेले. एकदा वळताना त्यांनी रस्त्याकडेची एक कुंडी पाडली. गाडी थांबली. ते स्टिअरिंगवर अंगठा ठेवून तसेच बसून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"आमच्या खेळात एक बटण असतं," ते म्हणाले. "चूक झाली की दाबायचं. सगळं उलटं फिरतं आणि चुकीच्या आधीच्या जागी आपण परत येतो." मग खाली उतरले, कुंडी उभी केली, दोन्ही हातांनी माती भरली, ज्यांची होती त्यांचं दार वाजवून माफी मागितली. त्या बाईंनी त्यांना पाणी दिलं. मी गाडीत बसून बघत होते. मला वाटलं, या माणसाला जन्मभर मागे बसवणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं.

ते बऱ्यापैकी चालवायला लागले, आणि थंडीत कोकणात जाऊन तो सडा गाडीने ओलांडायचा असं आमचं ठरलं. निघायला चार-सहा दिवस राहिले असताना खेळाच्या नव्या भागाची घोषणा झाली. मुलूख दुसराच होता, बर्फाचे डोंगर असलेला. कोकण नाही. पद्मिनी नाही. आमच्या जावयाने मला फोन करून सांगितलं, "आई, बाबांची वाट लागली असेल. आता ते येणार नाहीत बघा." मी तशीच मुलुंडला गेले. व्याही पलंगावर बॅग उघडून कपडे घडी करत होते.

"बातमी कळली?" मी विचारलं.

"हो तर. अभिनंदन कळवलं मी त्यांना," ते म्हणाले. "छान आहे तो देश. त्यांचं त्यांनी ठरवलं. आपलं आपण ठरवलंय ना?"

तर आम्ही निघालो: मी, व्याही आणि विहीण. आमच्या ह्यांना घाटात मळमळतं, ते घरीच राहिले. तिठ्यापर्यंत गाडी मी नेली. सकाळची वेळ होती, उन्हाला अजून धार नव्हती. तिठ्यावर मी उतरले आणि व्याही उतरले, गाडीच्या पुढून एकमेकांना ओलांडून आम्ही जागा बदलल्या. त्यांनी आरसा पुसला, पट्टा लावला, मग विहिणीला मागे वळून म्हणाले, "बसलीस ना नीट?"

"बसले हो. चला आता, मोठे शर्यतवाले!" ती म्हणाली, पण तिने माझी सीट मागून घट्ट धरलेली मला जाणवत होती.

सडा एकदम समोर आला. वाळलेलं पिवळं गवत, मधे मधे उघडा काळा कातळ, आणि त्यातून एक बारीकसा डांबरी रस्ता. दूरवर आकाश संपतं तिथे समुद्राची फिकट रेघ. वीसचा वेग. म्हशी आल्या, ते थांबले. सगळ्या म्हशी गेल्या तरी थांबून राहिले. मी बघितलं तर मागे राहिलेलं एक रेडकू सावकाश येत होतं. मागून एक म्हातारे गृहस्थ मोपेडवरून आले आणि आमच्या बरोबरीने चालवत खिडकीत वाकले.

"खंयसून इलास?"

"मुंबयसून."

"गाडी बिघडली काय?"

"नाय, नाय. बरी आसा."

"मगे इतकी हळू कित्याक?"

"पयल्यांदाच चालवतंय," व्याही म्हणाले. लपवलं नाही, लाजले नाहीत. म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. "मगे सावकाश चलव. रस्तो खंय पळान जाता?" असं म्हणून ते पुढे निघून गेले.

सडा संपतो तिथे, उताराच्या तोंडाशी, काजूचं एक वाकडं झाड आहे. त्याच्याखाली जांभ्याचा एक मोठा चिरा पडलेला. व्याह्यांनी गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. दार उघडून सावकाश उतरले आणि त्या चिऱ्यावर जाऊन बसले. आम्ही दोघी मागोमाग गेलो.

"काय झालं हो? पाय दुखतो काय?" विहिणीने विचारलं.

"नाही. इथे बाबा दम खायचे."

विहिणीलाही हे माहीत नसावं. ती त्यांच्याशेजारी टेकली.

"बाबा गिरणीत होते," ते मला म्हणाले. "मे महिन्यात गावी यायचो. तिठ्यावर एसटी सोडायची. तेव्हा हा रस्ता नव्हता, नुसती पायवाट. इतर पोरं धावत पुढे जायची. मला चालता यायचं नाही, बाबा खांद्यावर घ्यायचे. चांगला मोठा झालो होतो तरी घ्यायचे. मी वरून सांगायचो, बाबा जोरात, अजून जोरात. ते पळायचे हो. तापलेल्या कातळावरून, एका हातात ट्रंक, खांद्यावर मी, पळायचे. आणि इथे येऊन बसायचे." त्यांनी चिऱ्यावर हात फिरवला. "मला वाटायचं, त्यांना आवडतं म्हणून पळतात."

वारा होता. काजूची पानं वाजत होती. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "निघायचं? गाव खालीच दिसतंय."

ते उठले, पँटला लागलेली लाल माती झटकली आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"आता तुम्ही चालवा."

"का? दमलात?"

"तसं नाही," ते म्हणाले. "इथून पुढचा रस्ता मला माहीत नाही. इथून उठलो की मला नेहमी खांद्यावरच झोप लागायची. डोळे उघडायचे ते घरातच."

मी गाडी सुरू केली. उतार वळणावळणांचा होता, बाजूला आंब्याच्या बागा. दुसऱ्या वळणावर विहिणीने मागून माझ्या खांद्याला हात लावला आणि खूण केली. मी शेजारी बघितलं. व्याह्यांचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड थोडं उघडं होतं, बारीक घोरणं चालू होतं, आणि हात मांडीवर सैल पडले होते. कसलीही दांडी धरलेली नव्हती. मी वेग आणखी कमी केला आणि खड्डे चुकवत, हॉर्न न वाजवता, गाडी खाली गावात नेली.